सरावाची फळी

ता. ९ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार करते, पण बसूनच. उठायचं त्राण नाही. सकाळपासून जुने कागद लावतेय आणि संपायचं नाव नाही. फोन करणार होते, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडायचं आणि तू नुसतं "काय? काय?" करायचं. फवारणीच्या पंपाने तुझे कान खाल्लेत, त्यामुळे पत्रच बरं. इथे सगळे हसतात, हिला अजून पत्रं येतात म्हणून. हसू देत.

तीन वर्षांपूर्वी आम्ही तुमच्या काचघरात रोपांवर कीडनाशक औषध मारणाऱ्या फवारणीवाल्यांना तपासून गेलो होतो, आठवतं? त्याची दुसरी फेरी फेब्रुवारीत आहे. सगळं तेच. बोटातून रक्ताचा थेंब, आकडे ऐकून उलटे म्हणायचे, आणि ती भोकांची फळी, जिच्यात बारक्या खुंट्या पटापट बसवायच्या. रक्त गेल्या काही दिवसांचं सांगतं, हात गेल्या कित्येक वर्षांचं. औषध अंगात मुरत गेलं की बोटं आधी चुगली करतात. म्हणून मला खुंट्यांत जास्त रस आहे. चाचणी मुद्दाम तीच ठेवलीय, म्हणजे तेव्हाचं आणि आत्ताचं ताडून बघता येईल. मे महिन्यात समिती बसेल आणि आमच्या अहवालावरून ठरवेल की बंद काचघरात ते पांढऱ्या डब्यातलं औषध मारू द्यायचं की कायमचं थांबवायचं.

तुला मी तपासणार नाही. नात्यातल्या माणसाला हात लावायचा नाही असा आमचा नियम आहे. माझा चष्मेवाला सहकारी तपासेल. कागदावर नावं नसतात, नंबर असतात, त्यामुळे तुझा निकाल कुठला हे मलाही कळत नाही. तयारी काही करायची नाही. रोजच्यासारखे या, एवढंच सगळ्यांना सांग.

आणि मागची दोन पत्रं मामीच्या अक्षरात का होती? भांडलास का माझ्याशी?

तुझी,
ठकू

ता. २१ जानेवारी

चि. ठकूस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. अक्षर मामीचं असलं तरी बोलणं माझंच आहे, हे आधी सांगतो, नाहीतर चांगली चांगली वाक्यं तिच्या नावावर जातील. चष्म्याची काडी तुटलीय. दुरुस्तीला टाकतो टाकतो म्हणतो आणि राहून जातं. मी पलंगावर पाय पसरून बोलतो, ती लिहिते. साहेब झाल्यासारखं वाटतं.

तू येणार म्हणून इथे गडबड उडालीय. मागच्या वेळी पैलवानाच्या हातून खुंट्या सांडल्या होत्या, आठवतं? पैलवान म्हणजे आमच्यातला सगळ्यात हडकुळा, फुंकर मारली तर काचेला जाऊन चिकटेल असा. सगळे फिदीफिदी हसले होते. मुकादम तर पुढे कित्येक महिने त्याला विचारायचा, "काय पैलवान, खुंट्या सापडल्या का?" त्याला ते फार लागलं. जेवताना पाठ करून बसायचा.

तर या वेळी तसं होऊ द्यायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय. आमच्या ठकूची परीक्षा आहे आणि आम्ही तिचं नाक कापायचं, हे काही बरं दिसत नाही. तयारी करू नका म्हणतेस. सगळ्या मास्तरांना असंच बोलायची सवय असते. तू निश्चिंत ये.

बाकी ठीक. काचघरात उकाडा तोच, वास तोच, डोकेदुखी तीच. हल्ली जेवणाच्या सुट्टीत थोडं सुतारकाम चाललंय. खोक्यांच्या फळ्या पडून असतात, वाया कशाला घालवायच्या? मामी म्हणते, पसारा घरी आणू नका. बरं, तिचं ऐकतोच आहे.

तुझा,
मामा

ता. २६ मार्च

प्रिय मामा,

उशिरा लिहितेय, रागावू नकोस. फेरी करून परत आलो आणि आठवडाभर मी फक्त नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. तुझ्याशी धड बोलताही आलं नाही. दारातून हात केलास आणि पंपखोलीकडे गेलास, एवढंच.

निकाल आलेत. आमच्याकडे आकडेमोड करणारा एक शांत माणूस आहे, त्याला मी कधी खुर्चीतून उठलेलं बघितलं नव्हतं. तो परवा उठून माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "यांचे हात सुधारलेत." तीन वर्षं आणखी औषध मारून फवारणीवाल्यांची बोटं आधीपेक्षा चपळ झालीत. एकाची नाही, जवळजवळ सगळ्यांची. मी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. रक्ताचं मात्र मागच्यासारखंच, तसूभरही फरक नाही.

आमच्या मॅडमनी अहवाल लिहायला घेतलाय: हातांवर दुष्परिणाम आढळला नाही. बागायतदारांच्या संघटनेला कुणकुण लागलीय, त्यांचा माणूस येऊन आम्हाला चहा पाजून गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मॅडम म्हणतात नवे मास्क आणि अंगभर कोट दिले, त्याचा गुण असणार. खरं असेल. मलाही आनंद व्हायला हवा. तुम्ही बरे आहात, याहून मला काय हवं? पण आनंद होत नाही, नुसती झोप येते. जिने चढताना वाटतं, कोणीतरी मला उचलून न्यावं. मी चुकीचा प्रश्न घेऊन एवढी वर्षं घासत बसले होते का, असंही मनात येतं.

तू मला एकच सांग. मास्क खरंच वापरता ना?

तुझी,
ठकू

ता. ४ एप्रिल

चि. ठकूस,

पत्र मामीने वाचून दाखवलं आणि मी पलंगावरच उडी मारली. मग कमरेने ओरडून विचारलं की तुझं वय काय. सुधारले म्हणजे काय, सुधारणारच! मी पंपखोलीत तुझं पत्र सगळ्यांसमोर मामीच्या चुलतभावाकडून मोठ्याने वाचून घेतलं. पैलवान तर रडायचाच बाकी होता. मुकादमाकडे बघून म्हणाला, "सापडल्या खुंट्या."

आता सांगायला हरकत नाही. मागच्या फेरीनंतर तुमची फळी माझ्या डोक्यात बसली होती. खोक्याच्या लाकडाची मी हुबेहूब तशीच फळी केली. भोकं पाडली, जुन्या खिळ्यांची डोकी कापून घासून खुंट्या केल्या. जानेवारीपासून रोज जेवणाच्या सुट्टीत सराव. जो शेवटी राहील त्याने सगळ्यांचे डबे घासायचे. सुरुवातीला खुंट्या जमिनीवरच जास्त असायच्या. कोणाचा अंगठा ऐकत नव्हता, कोणाला भोक एक दिसायचं आणि हात दुसरीकडे जायचा. शिव्या घालत शिकले. शेवटी शेवटी तर डोळे मिटून लावायचे! आकड्यांचाही सराव केला, पण त्यात आमचं डोकं मुळातच कमी. आणि सगळ्यांत पहिला कोण यायचा? तुझा मामा.

तुझं नाव राखलं की नाही, सांग.

मास्कचं म्हणशील तर ते आहेत. खिळ्याला टांगलेत. घातले की चष्म्यावर वाफ धरते आणि श्वास कोंडतो. तुम्ही लोक आलात की घालतो.

अशी दमून जाऊ नकोस. पोटभर जेव, झोप काढ. अहवाल चांगला झाला, आता कसली चिंता?

तुझा,
मामा

ठकू, हे खालचं मी माझ्या मनाने लिहितेय, हे दाराबाहेर चपला शोधतायत तोवर. चष्मा कधीच तुटला नव्हता. तो यांच्या नाकावरच आहे. यांना पेन धरवत नाही. खुंट्या पटापट लावतात, मी बघितलंय, जादूगारासारख्या. पण सकाळी शर्टाची बटणं मी लावते. गेल्या वर्षापासून. पैलवानाची त्याची बायको लावते, नळावर ती मला बोलली. तुला लिहू नये असं यांचं म्हणणं होतं. पण तू लिहिलंस की हात सुधारले, आणि मला ते सहन झालं नाही.

मामी

ता. ९ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. लोक मला ओलांडून जात होते.

ती परीक्षा नव्हती रे. किती वेळा सांगू? तुम्ही पास व्हावं म्हणून मी आले नव्हते. तुमच्या हातांचं काय झालंय ते मला बघायचं होतं, आणि तुम्ही महिनाभर खपून नेमकं तेच माझ्यापासून झाकून ठेवलंत. हात सुधारले नाहीत. हाताने एक गोष्ट पाठ केली, बस्स. पाढे पाठ झाले म्हणजे गणित आलं असं होतं का? माझ्या तीन वर्षांवर पाणी फिरलं, त्याचं मला एवढं वाटत नाही. पण तोच अहवाल मे महिन्यात समितीसमोर गेला असता आणि तुम्ही सगळे त्या पांढऱ्या डब्याखाली जन्मभर राहिला असता. माझ्या सहीने.

बटणांचं मला कळलंय. मामीवर अजिबात चिडायचं नाही. चिडायचं तर माझ्यावर चीड. मी त्याच जुन्या फळ्या घेऊन आले, आणि कोणी घरी तशीच फळी करेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या पुस्तकात सरावाबद्दल अख्खं प्रकरण आहे. पण त्यात प्रेमाने केलेल्या सरावाबद्दल काही नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "हे तुला कळलंच नसतं तर?" मी म्हटलं, "पण कळलंय." त्यांनी अहवाल परत घेतला. संघटनेचा माणूस आता म्हणतोय की कामगारांनी फसवणूक केली, यांचं काहीच ग्राह्य धरू नका. समितीने बैठक जूनअखेरीला ढकलली. आम्हाला एक शेवटची संधी आहे.

नवी चाचणी मी ठरवलीय. घरातला साधा शर्ट घालायचा आणि बटणं लावायची. वरून खाली, स्वतःच्या हाताने. पॅकिंगच्या खोलीतल्या, कधीही औषध न मारलेल्या माणसांनाही तेच करायला लावू, म्हणजे वयाचा फरक धरता येईल. तुम्हाला मोकळेपणाने आधी सांगतेय, कारण लपवून मला काही करायचं नाही. पण सराव करू नका. फळी करू नका, कोणाला बटणं लावून दाखवायला लावू नका. जसे हात आहेत तसे घेऊन या.

माझं नाक राखायचं असेल ना मामा, तर या वेळी माझ्यासाठी नापास हो.

ठकू

ता. २५ एप्रिल

ठकू,

मामी लिहितेय, कारण आता लपवायला काही उरलं नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी शर्ट उघडाच ठेवून अंगणात बसलो, तेव्हा तीच आली आणि बटणं लावून गेली.

तू लिहितेस, नापास हो. लिहायला काय जातं? तू नापास झालेल्यांचे आकडे घेऊन समितीत जाशील, तुझी पाठ थोपटतील. आम्ही मागे राहू. नापास झालेल्या हातात फवारणीचा पाइप कोण देईल? मॅनेजर परवाच म्हणाला, "ज्यांना काही होत असेल त्यांनी आत्ताच सांगा, उगाच जबाबदारी नको." पैलवानाने हात खिशात घातले. माझेही खिशात होते. तेव्हाच मला कळलं की बहुतेकांचे खिशातच आहेत.

मला फवारणीशिवाय दुसरं काही येत नाही. सुतारकाम येतं म्हणायला, पण पटाशी आता सटकते. ती फळी करताना अंगठ्याला दोनदा लागलं, ते तुला लिहिलं नव्हतं. मी ती तुझ्यासाठी केली, हे खरं आहे. पण थोडी माझ्यासाठीही केली. रोज सगळ्यांत पहिला आलो की वाटायचं, आहेत अजून हात. एवढंच मला हवं होतं, आणि तेही तू काढून घेतलंस.

मला आता खरंच कंटाळा आलाय. पुढचं पत्र तुला वाटलं तर लिही.

मामा

ता. ३ मे

मामा,

वाटलं म्हणून लिहितेय.

तू विचारलंस त्यातलं माझ्या हातात काय आहे ते खरं खरं सांगते, गोड बोलायला शक्ती नाही. कामाची खात्री मी देऊ शकत नाही. कोणाचा कागद कोणाचा हे मॅनेजरला कळणार नाही, एवढी खात्री देते. चाचणी काचघरात होणार नाही, शाळेच्या रिकाम्या वर्गात होईल, रविवारी, आणि कोण आलं कोण नाही हे कोणी लिहून घेणार नाही. पांढऱ्या डब्यातलं औषध थांबलं तर तुमचे हात परत येतील असंही मी सांगत नाही. काहींचे थोडे येतील. तुझे, माहीत नाही. पण तुझ्यामागून कामाला लागलेल्यांचे जाणार नाहीत.

माझी पाठ कोणी थोपटणार नाही, ती काळजी सोड. या खात्यात माझे फार दिवस उरलेत असं दिसत नाही. मॅडम माझ्याशी कामापुरतं बोलतात. आकडेवाला तेवढा रोज माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवून जातो.

तुझ्याकडून मी काही काढून घेतलं असं म्हणालास, ते मला लागलं. लहानपणी माझ्या बुटाच्या नाड्या तूच बांधायचास, आणि मला गाठ जमेना तर म्हणायचास, असू दे, मी आहे ना. तेच मी तुला म्हणायला हवं होतं. त्याऐवजी नापास हो म्हणाले. चुकलं माझं.

यायचंच असं काही नाही. नाही आलास तरी मी तुझी ठकूच. मामीला सांग, त्यांनी लिहिलं नसतं तर मी खोट्यावर सही केली असती.

ठकू

ता. १९ जून

चि. ठकूस,

हे पत्र मी लिहितोय. मामी शेजारी बसलीय, पण तिला पेनाला हात लावू दिला नाही. रोज दोन चार ओळी होतात. मग बोटं वळतात आणि पेन ठेवावं लागतं. अक्षर लागलं नाही तर चिडू नको.

आम्ही सगळे आलो होतो. तू बाहेर व्हरांड्यात उभी होतीस, आत बघत नव्हतीस, नियम म्हणून. म्हणून सांगतो.

बाकांवर एका बाजूला पॅकिंगवाले, एका बाजूला आम्ही. सगळे धुतलेले शर्ट घालून, पण उघडे. लग्नाला निघता निघता कोणीतरी थांबवल्यासारखे. पॅकिंगमधला म्हातारा माझ्याहून मोठा आहे, दात नाहीत, गुडघे गेलेत. तो तुझ्या चष्मेवाल्याशी गप्पा मारत मारत वरपासून खालपर्यंत बटणं लावून मोकळा झाला. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. आम्ही सगळेच बघत होतो.

मग आमच्यातला पैलवान उठला. पहिलं बटण लागेना. काजात जाई आणि परत निसटे. दुसरं सोडून तो तिसऱ्याला गेला. या वेळी कोणी हसलं नाही. मुकादम पण आला होता, म्हणाला मलाही बसवा. तो कधी पंप धरत नाही, नुसता आत उभा राहतो. त्याचीही दोन राहिली. बसल्यावर त्याने पैलवानाकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यानंतर त्याने खुंट्यांचं नाव काढलेलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मनात होतं, तुझ्यासाठी मुद्दाम वेळ लावू. तू लिहिलं होतंस ना. नंतर तू माफी मागितलीस, तरी मी ठरवलं होतं. पोरीसाठी एवढं नाटक करू.

चष्मेवाला "करा सुरू" म्हणाला. मी बटण धरलं. मग मला वाटलं, नाटक नको, एकदा लावूनच दाखवू. मामीने रोज लावलेली, ओळखीची बटणं. जीव तोडून प्रयत्न केला. घाम आला. चष्मेवाला म्हणाला, "काका, पुरे." मी म्हटलं, थांब. तो थांबला. शेवटी त्याने घड्याळ बंद केलं, तरी मी लावतच होतो.

फळी पंपखोलीतच आहे. पालथी घालून त्यावर डबे ठेवतो. मॅनेजरला अजून काही कळलं नाही. कळेल तेव्हा बघू.

समितीत जाशील तेव्हा हे पत्र पण ने. अक्षर दाखव त्यांना. नाव दिसलं तरी चालेल.

तू म्हणाली होतीस तुझ्यासाठी नापास हो. तुझ्यासाठी मला काही करावंच लागलं नाही ग.

मामा